कॅलेंडर कुणाला दिसते? सामायिक दिनदर्शिकेतील परवानग्यांचा इतिहास

१/ २००६ साली वॉशिंग्टनमधील अपील न्यायालयासमोर एक अनोखा वाद निकालासाठी आला. अमेरिकेच्या कृषी खात्यातील सहा अधिकाऱ्यांची इलेक्ट्रॉनिक कॅलेंडरे नागरिकांना मागता येतील काय, हा प्रश्न होता. न्यायालयाने पाच जणांची कॅलेंडरे सरकारी दप्तर ठरवली. सहाव्याचे मात्र वगळले. सहाही जण एकाच खात्याचे, आणि सर्वांच्या कॅलेंडरांत बैठका व भेटीगाठी यांच्याच नोंदी. फरक होता तो एवढाच : पाच जणांची कॅलेंडरे कचेरीतील सहकाऱ्यांपर्यंत पोहोचत होती आणि सहाव्याचे केवळ त्याच्या सचिवापर्यंत.

२/ आपले कॅलेंडर कुणी पाहावे, ही कचेरीतील एक किरकोळ बाब वाटते. एखाद्या पडद्यावरील एखादी चौकट, तिच्यातील एखादी खूण. परंतु याच खुणेवरून ते कॅलेंडर नेमके कुणाचे, हे न्यायालयात ठरले. ही खूण आली कोठून, ती मुळात कुणी आणि का केली, आणि तिच्यामुळे कुणाचे रक्षण झाले व कुणाला आडोसा मिळाला, याचा मागोवा या धाग्यात घ्यायचा आहे. कथा मुख्यतः अमेरिकेतील प्रयोगशाळा, कंपन्या आणि न्यायालये यांची आहे. पण आज हिंजवडीतील कचेरीत बसून कुणी मीटिंगचे निमंत्रण पाठवतो, तेव्हा तोही याच इतिहासाचा वारसदार असतो.

३/ आरंभी दोन परिचित वस्तू डोळ्यांसमोर आणू. एक, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कालनिर्णय. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, मावशीकडचे लग्न, सारे त्यावर. आणि ते घरातल्या प्रत्येकाला दिसते. दुसरी, खिशातली डायरी. ती फक्त खिशाच्या धन्याची. शतकभर या दोन वस्तू वेगवेगळ्या राहिल्या, म्हणून त्यांच्याविषयी वाद नव्हता. भिंतीवर काय लिहायचे आणि डायरीत काय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. कचेरीतील सामायिक कॅलेंडर ही मात्र भिंतीवर टांगलेली खिशातली डायरी आहे. सारा पेच त्यातूनच उद्भवतो.

४/ संगणकापूर्वी हा पेच एक माणूस सोडवीत असे. साहेबांची डायरी सचिवाच्या टेबलावर असायची. दारात आलेल्याला उत्तर माणूस पाहून मिळे : कुणाला "साहेब आज मोकळे नाहीत" एवढेच, कुणाला "डॉक्टरांकडे गेले आहेत, चारला या" असे. 'सेक्रेटरी' या शब्दाचे मूळच मुळी लॅटिनमधील 'गुपित' या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्याकडे अष्टप्रधानांतील वाकनीस राजाच्या दैनंदिन घडामोडींची नोंद ठेवी आणि त्याच्या खासगी व्यवहारांवर लक्षही ठेवी. नोंद ठेवणे आणि राखण करणे ही दोन्ही कामे एकाच हाती असत. संगणकाने नोंद ठेवण्याचे काम पटकन उचलले. राखणीचे काम त्याला फार उशिरा उमगले.

५/ १९७९. न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेतून युनिक्स या संगणकप्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तीत 'कॅलेंडर' नावाची एक छोटी आज्ञा होती. आपल्या नावाच्या कप्प्यात 'कॅलेंडर' नावाची एक फाईल ठेवायची आणि तीत तारखेसह कामे लिहायची. रात्री उशिरा संगणक प्रत्येकाची फाईल उघडून आजच्या व उद्याच्या तारखेच्या ओळी शोधी आणि त्या ज्याच्या त्याला टपालाने पाठवी. शनिवार-रविवार आला की 'उद्या' सोमवारपर्यंत लांबे. योजना साधी आणि चतुर होती.

६/ मात्र या आज्ञेच्या माहितीपत्रकात शेवटी 'त्रुटी' या मथळ्याखाली एक वाक्य होते. त्याचा आशय असा की, स्मरणसेवा हवी असेल तर तुमचे कॅलेंडर सर्वांना वाचता येईल असे ठेवावे लागेल. कारण तांत्रिक होते. फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामला विशेष अधिकार दिलेला नव्हता. त्याला जे दिसावे ते इतर सर्वांनाही दिसणे ओघानेच आले. सोय हवी तर पडदा सोडा, हा सौदा इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलेला क्वचितच सापडेल. विशेष म्हणजे लिहिणाऱ्यांनी त्याला वैशिष्ट्य म्हटले नाही. त्यांनी त्याची नोंद त्रुटी म्हणूनच केली.

७/ युनिक्समध्ये फाईलभोवती तीन वर्तुळे होती : धनी, त्याचा गट आणि इतर सारे. प्रत्येक वर्तुळाला वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची परवानगी देता किंवा नाकारता येई. ही रचना इतकी टिकाऊ ठरली की आजही ती वापरात आहे. परंतु कॅलेंडरच्या दृष्टीने तिच्यात एक उणीव होती. फाईल वाचता आली तर सगळी, नाही तर मुळीच नाही. "मी तीन वाजता व्यग्र आहे, पण कशात ते विचारू नका" हे सचिवाला सहज जमणारे उत्तर या तीन वर्तुळांत बसवणे शक्यच नव्हते.

८/ १९८१ साली आयबीएमने 'प्रॉफ्स' ही कचेरीसाठीची प्रणाली बाजारात आणली. निरोप, दस्तऐवज आणि कॅलेंडर हे तिन्ही तिच्यात एकत्र होते. मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी ती घेतली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्हाइट हाऊसमधील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे कर्मचारीही तिच्यावर काम करू लागले होते. यातून पहिल्यांदाच असे घडले की, राज्यकारभार चालवणाऱ्या माणसांच्या भेटीगाठींची नोंद टेबलावरील वहीतून निघून यंत्रात गेली. या बदलाचा अर्थ तेव्हा कुणाला फारसा जाणवला नाही. तो पुढे न्यायालयात जाणवला.

९/ याच सुमारास एमआयटीत आयरीन ग्रीफ या संगणकशास्त्रज्ञ वेगळ्या दिशेने विचार करीत होत्या. एमआयटीतून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९८४ मध्ये पॉल कॅशमन यांच्यासह त्यांनी एक चर्चासत्र भरवले आणि 'संगणकाच्या आधाराने सहकार्याचे काम' या अर्थाचे नाव देऊन एका नव्या अभ्यासशाखेचा पाया घातला. संगणकापुढे माणूस एकटा बसत नाही, त्याच्यामागे त्याची कचेरी असते, ही त्यामागील दृष्टी. आणि कचेरीतील परस्परसंबंध तपासायला त्यांनी जी उदाहरणे घेतली, त्यांत कॅलेंडर ठळक होते.

१०/ ग्रीफ आणि त्यांचे सहकारी सुनील सरीन यांनी अनेकांनी मिळून वापरायच्या कॅलेंडरच्या प्रायोगिक प्रणाली अभ्यासल्या. बैठकीची वेळ ठरवताना प्रत्येकाला स्वतःच्या खासगी नोंदी आपल्या पडद्यावर दिसाव्यात आणि सर्वांच्या समोर मात्र सामायिक भागच यावा, ही कल्पना त्यांत होती. दुसरी कल्पना भूमिकेची. परवानगी अमुक नावाच्या माणसाला न देता त्याच्या भूमिकेला द्यायची : कॅलेंडरचा धनी, त्याच्या वतीने नोंदी करणारा, निव्वळ पाहणारा. टेबलावरच्या सचिवाला यंत्रात पुन्हा जागा देण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणावा लागेल.

११/ १९८४ मध्येच वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एक निकाल दिला. एका प्रकाशनसंस्थेने न्याय खात्याच्या मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख विल्यम बॅक्स्टर यांच्या भेटींच्या नोंदी माहितीस्वातंत्र्याच्या १९६६ च्या कायद्याखाली मागितल्या होत्या. बॅक्स्टर यांच्या भेटींच्या कागदी वह्या वैयक्तिक सोयीसाठी ठेवलेल्या आहेत, सबब त्या सरकारी दप्तर नव्हेत, असे न्यायालय म्हणाले. परंतु दररोज तयार होऊन विभागातील कर्मचाऱ्यांना वाटली जाणारी त्यांची दिनक्रमपत्रिका मात्र सरकारी दप्तर ठरली. कर्मचाऱ्यांना साहेब केव्हा उपलब्ध आहेत हे कळून काम सुरळीत चालावे, हाच तिचा हेतू होता.

१२/ हा निकाल इथे थांबून नीट पाहण्याजोगा आहे. तारखा त्याच, माणसे तीच, भेटीही बहुतांशी त्याच. वहीत असताना त्या खासगी राहिल्या आणि वाटलेल्या कागदावर आल्या तेव्हा सार्वजनिक झाल्या. कागदाच्या जगात हा भेद हाताला जाणवणारा होता, कारण वही आणि पत्रिका या दोन निराळ्या वस्तू होत्या. पण दोन्ही जर एकाच यंत्रातील एकाच नोंदीची दोन दर्शने असतील तर? तेव्हा वही कोठे संपली आणि पत्रिका कोठे सुरू झाली, हे सांगायला एकच पुरावा उरतो : पाहण्याची परवानगी कुणाकुणाला होती.

१३/ यंत्रातील नोंदीचा हा गुण आणखी एका प्रकरणात उघड झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण फुटत असताना राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी प्रॉफ्समधील हजारो निरोप पुसले. पण राखीव फितींवर त्यांच्या प्रती शिल्लक होत्या आणि चौकशीत त्या पुढे आल्या. जानेवारी १९८९ मध्ये, रेगन यांची कारकीर्द संपत असताना, पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि इतरांनी या नोंदी नष्ट होऊ नयेत म्हणून दावा लावला. कागदावर छापून घ्या आणि यंत्रातील पुसून टाका, ही सरकारची भूमिका होती.

१४/ १९९३ मध्ये त्याच अपील न्यायालयाने ती भूमिका अमान्य केली. या प्रणालींतून कर्मचारी एकमेकांस निरोप पाठवतात, तसेच भेटींची कॅलेंडरेही सामायिक करतात, याची निकालात नोंद आहे. छापील कागदावर मजकूर उतरतो; पण तो कुणाकुणाला गेला आणि कुणाला केव्हा मिळाला, ही माहिती पुष्कळदा उतरत नाही. म्हणून छापील प्रत मूळ नोंदीची जागा घेऊ शकत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने हे सूत्र जपून ठेवावे. पत्रात काय लिहिले आहे, याइतकेच ते कुणाच्या नजरेखालून गेले हेही साधन आहे.

१५/ आता पुन्हा कंपन्यांकडे वळू. १९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन यांनी एक निबंध वाचला : समूहाने वापरायची संगणकसाधने अपयशी का ठरतात? त्यांचे एक उदाहरण बैठकीची वेळ आपोआप शोधणाऱ्या साधनाचे होते. बैठक बोलावणाऱ्या वरिष्ठाला त्याचा लाभ होतो. पण ते चालावे म्हणून प्रत्येक कनिष्ठाने आपले कॅलेंडर नित्य भरून ठेवायला हवे. राबणारे एक आणि फळ चाखणारे दुसरे. त्यांनी हे श्रमाविषयी म्हटले, तरी ते एकांतालाही तितकेच लागू पडते. कॅलेंडर उघडे ठेवण्याची किंमत आणि त्यातून मिळणारी सोय यांची वाटणी क्वचितच समान असते.

१६/ काही वर्षांतच ही साधने रुजली, आणि ती कशी रुजली हे पाहायला ग्रुडिन व लेसिया पेलन दोन कंपन्यांत गेले : सन मायक्रोसिस्टीम्स आणि मायक्रोसॉफ्ट. १९९५ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला आणि १९९९ मध्ये पेलन यांचा सविस्तर अभ्यास. दोन्ही कंपन्यांत हजारो लोक सामायिक कॅलेंडर वापरत होते. पण सनच्या कॅलेंडरमध्ये मुळात ठरवून दिलेली मांडणी अशी होती की कुणीही कुणाच्याही नोंदी वाचाव्यात. मायक्रोसॉफ्टच्या साधनात मुळातच एवढेच दिसे : अमुक वेळ मोकळी, अमुक व्यग्र.

१७/ अशा पूर्वनियोजित मांडणीला संगणकाच्या परिभाषेत 'डीफॉल्ट' म्हणतात. अभ्यासातील सर्वांत बोलका निष्कर्ष हाच की, दोन्ही ठिकाणी बहुतेकांनी ती बदललीच नाही. साधन ज्या रूपात हाती आले त्या रूपातच राहिले आणि त्याभोवती कचेरीच्या रीतिभाती वाढल्या. सनमध्ये सहकारी कुठे आहे, कशात गुंतला आहे, हे त्याचे कॅलेंडर पाहून जाणून घेणे नेहमीचे झाले. मायक्रोसॉफ्टमध्ये रिकामी फट शोधून थेट निमंत्रण धाडणे नेहमीचे झाले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एका दुपारी घेतलेला निर्णय हजारो माणसांचा शिष्टाचार बनला.

१८/ याचा अर्थ सनमधील माणसे उघड्यावर होती असा नव्हे. त्यांनी आपापले पडदे विणले. नोंदी सांकेतिक भाषेत लिहिल्या, काही लिहिल्याच नाहीत, आणि काम उरकण्यासाठी खोट्या बैठकीच्या नावाने वेळ अडवून ठेवली. गर्दीचाही एक आडोसा होता : हजारो कॅलेंडरांत माझेच कोण उघडणार? पण तो आडोसा कुणाला आपल्याकडे पाहण्याचे कारण मिळेपर्यंतच टिकतो. आणि जिथे सर्वांची दारे सताड उघडी असतात, तिथे एकट्याने दार लावले की त्या बंद दाराचीच चर्चा होते.

१९/ 'मोकळा की व्यग्र' एवढेच दाखवणेही सर्वस्वी मूक नसते. कल्पना करा : एका विभागाचा प्रमुख, मनुष्यबळ विभागाची व्यक्ती आणि कंपनीचा वकील, तिघेही गुरुवारी दुपारी तीन ते चार व्यग्र दिसतात. विषय कुठेही लिहिलेला नाही. तरीही त्या विभागातील माणसांचा त्या रात्री डोळा लागणार नाही. वेळेच्या आकृतीलाच अर्थ असतो. दर मंगळवारी सकाळी तासभर गायब असणारी कर्मचारी एखादा उपचार घेत असेल, आणि तिने एक शब्द न लिहिताही तिची ठरलेली अनुपस्थिती बोलकी होईल.

२०/ एका कंपनीचे कॅलेंडर दुसरीच्या यंत्रात वाचता यावे म्हणून नोव्हेंबर १९९८ मध्ये 'आयकॅलेंडर' हे प्रमाण प्रसिद्ध झाले. लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन त्याचे लेखक. त्यात प्रत्येक नोंदीला तीन वर्गांपैकी एक देता येतो : सार्वजनिक, खासगी, गोपनीय. वर्ग दिला नाही तर नोंद सार्वजनिक धरावी, असा नियम आहे. शिवाय स्पष्ट म्हटले आहे की, हा वर्ग धन्याचा हेतू तेवढा सांगतो; प्रत्यक्ष अंमल अन्यत्र व्हायचा. २००९ च्या सुधारित प्रमाणातही हे तसेच राहिले.

२१/ हेतू आणि अंमल यांतील ही दरी आजही बुजलेली नाही. आउटलुकमध्ये नोंदीवर 'खासगी' अशी खूण करता येते. पण ज्याला तुमचे कॅलेंडर वाचण्याची परवानगी आहे, त्याच्यापासून तपशील लपवण्यासाठी केवळ या खुणेवर विसंबू नये, असा इशारा कंपनीच्याच मदतपानांत दिलेला आहे; कारण दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून तो तपशील दिसू शकतो. 'खासगी' ही विनंती आहे, कुलूप नव्हे. कुलूप हवे असेल तर परवानगीच मर्यादित करावी लागते, किंवा ती नोंद तिथे करूच नये.

२२/ युनिक्सला न जमलेले उत्तर मार्च २००७ मध्ये प्रमाणबद्ध झाले. 'कॅलडॅव्ह' या प्रमाणाने वाचण्याच्या परवानगीतून 'फक्त मोकळा की व्यग्र एवढेच वाचणे' ही वेगळी परवानगी काढली. एप्रिल २००६ मध्ये आलेल्या गुगल कॅलेंडरमध्येही आज पायऱ्या अशाच दिसतात : फक्त व्यग्रता पाहणे, सारा तपशील पाहणे, बदल करणे आणि इतरांना परवानग्या वाटणे. ही शेवटची पायरी सर्वांत वजनदार, कारण ती ज्याच्या हाती तो तुमच्या दाराच्या किल्ल्या दुसऱ्यांना देऊ शकतो. १९७९ मधील 'त्रुटी' दूर व्हायला २८ वर्षे लागली.

२३/ आता आरंभीच्या प्रकरणाकडे परत येऊ. २००३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तयार मांसपदार्थांतील लिस्टेरिया या जिवाणूविषयी नियम काढला. या जिवाणूची बाधा गर्भवती, वृद्ध आणि दुर्बल व्यक्तींच्या जिवावर बेतू शकते. नियम ठरत असताना अधिकारी मांसउद्योगाच्या प्रतिनिधींना कितीदा भेटले, हे ग्राहक संघटनांच्या महासंघाला जाणून घ्यायचे होते. म्हणून त्याने सहा अधिकाऱ्यांची कॅलेंडरे मागितली. ही वैयक्तिक सोयीची साधने आहेत, असे खात्याचे उत्तर होते. १९८४ मधील बॅक्स्टर यांच्या वह्यांचा आधार त्याला होताच.

२४/ न्यायमूर्ती मेरिक गार्लंड यांनी निकालपत्र लिहिले. पाच अधिकाऱ्यांची कॅलेंडरे सहकाऱ्यांना दैनंदिन कामासाठी दिली जात होती, म्हणून ती बॅक्स्टर यांच्या वह्यांपेक्षा त्यांच्या दिनक्रमपत्रिकेला अधिक जवळची होती. सहाव्याचे कॅलेंडर फक्त सचिवापर्यंत जाई, म्हणून ते वहीसारखे. तर्क सुसंगत होता. परंतु त्याच्या पोटात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे. ज्यांनी सहकाऱ्यांशी मोकळेपणा राखला ते जनतेलाही उत्तरदायी ठरले, आणि ज्याने दार लावून घेतले होते तो प्रश्नातूनच सुटला.

२५/ इथे दोन माणसे शेजारी उभी करून पाहा. एक, मंगळवारी उपचाराला जाणारी कर्मचारी. दुसरा, नियम ठरवण्याआधी उद्योगपतीबरोबर जेवणारा अधिकारी. दोघांच्या पडद्यावर 'फक्त मला दिसावे' ही एकच चौकट आहे. यंत्राला त्यांच्यात भेद करता येत नाही. कुलपाला धन्याचा दर्जा कळत नाही. तिच्या बाबतीत ही चौकट प्रतिष्ठेचे रक्षण करते, त्याच्या बाबतीत ती जनतेचा हक्क अडवते. हा भेद करणे कायद्याचे काम आहे. निव्वळ परवानग्यांची यादी पाहून निकाल दिला, तर ते काम पुन्हा यंत्राकडेच सोपवल्यासारखे होते.

२६/ मानसशास्त्रज्ञ अर्विन अल्टमन यांनी १९७५ मध्ये मांडले होते की, एकांत म्हणजे केवळ भिंत नव्हे. आपल्यात आणि इतरांत किती अंतर ठेवायचे हे सतत ठरवत राहण्याची ती क्रिया आहे. २००३ मध्ये पेलन आणि पॉल डूरिश यांनी हाच विचार संगणकजालाच्या संदर्भात पुढे नेला. टेबलावरचा सचिव दिवसभर हेच करीत असे. चौकटीवरील खूण मात्र एकदा केली जाते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. माणूस खाते बदलतो, वरिष्ठ बदलतात, संबंध बिघडतात, तरीही परवानगी जुनीच. म्हणून ती अधूनमधून उघडून पाहणे हा संशयीपणा नव्हे.

२७/ आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येत ईमेल, लॉगबुक आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री यांचा उल्लेख आहे. 'कॅलेंडर' हा शब्द नाही. उद्या कुणी एखाद्या अधिकाऱ्याच्या भेटींचे कॅलेंडर मागितले, तर युक्तिवाद याच वाटांनी जातील : वही की पत्रिका, सोय की कामकाज, कुणाला दिसत होते. तेव्हा बॅक्स्टर यांच्या वह्या आणि कृषी खात्याचा सहावा अधिकारी आठवावा, आणि कुणाला दिसत होते यापलीकडे जाऊन कशासाठी होते, हेही विचारावे.

२८/ धागा संपवण्यापूर्वी एक छोटी कृती सुचवतो. आपल्या कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या कॅलेंडरची मांडणी उघडा आणि तीन गोष्टी पाहा. मूळ मांडणी काय आहे? नावानिशी परवानगी कुणाकुणाला आहे, आणि त्यांतील कितीजण आता त्या भूमिकेत उरलेले नाहीत? किल्ल्या वाटण्याचा अधिकार कुणाकडे आहे? उत्तर जे मिळेल ते कुणीतरी केव्हातरी घेतलेल्या निर्णयाचे फलित असेल. तो निर्णय तुमचा नसेल तर आता तो तुम्ही घेऊ शकता. इतिहास वाचण्याचा एवढा उपयोग पुष्कळ झाला.